सेंट गॅलनचा जुना बेनेडिक्टाइन मठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडला येणारी आपली मंडळी झुरिकला उतरतात, ल्युसर्न बघतात, टिटलिसवर बर्फात फोटो काढतात आणि परत जातात. पूर्वेला तासाभराच्या अंतरावर असलेल्या सेंट गॅलनकडे फारसं कोणी वळत नाही. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना हट्टाने तिथे नेते. जाण्याआधी आणि आल्यानंतर सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवले आहेत.

ही नेमकी कसली जागा आहे?

सेंट गॅलन हे ईशान्य स्वित्झर्लंडमधलं शहर आणि त्याच नावाच्या कँटनची, म्हणजे प्रांताची, राजधानी. शहराच्या मधोमध एक मोठा मठपरिसर आहे. जोडमनोऱ्यांचं चर्च, ग्रंथालय, दफ्तरखाना आणि एका मोठ्या हिरवळीला तीन बाजूंनी वेढणाऱ्या जुन्या इमारती असा त्याचा पसारा. सुमारे हजार वर्षं इथे बेनेडिक्टाइन पंथाचे मठवासी राहत होते. १८०५ मध्ये मठ बंद झाला, पण वास्तू आणि पुस्तकं जागची हलली नाहीत. १९८३ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. स्वित्झर्लंडमधली पहिली तीन वारसास्थळं त्या वर्षी जाहीर झाली, त्यांतलं हे एक.

बेनेडिक्टाइन म्हणजे कोण?

इटलीतल्या नर्सियाचे संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठात कसं राहावं याचे नियम लिहिले. ७३ छोटी प्रकरणं आहेत. कधी उठायचं, काय जेवायचं, आजाऱ्याची सेवा कशी करायची, पाहुण्याला कसं वागवायचं, सगळं त्यात आहे. हे नियम पाळणारे ते बेनेडिक्टाइन. प्रार्थना, अंगमेहनत आणि वाचन या तीन गोष्टींत त्यांचा दिवस वाटलेला असे.

यातलं वाचन महत्त्वाचं आहे, कारण सेंट गॅलनची सगळी गोष्ट त्यातून सुरू होते. ४८ व्या प्रकरणात असं सांगितलं आहे की ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रत्येकाने ग्रंथालयातून एक पुस्तक घ्यावं आणि ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचावं. म्हणजे जितके मठवासी तितकी पुस्तकं तरी हवीतच. छपाई नव्हती, तेव्हा ती हातानेच लिहावी लागत. या नियमावलीच्या मूळ संहितेला सर्वांत जवळची मानली जाणारी नवव्या शतकातली प्रतही इथेच आहे.

मठ कोणी स्थापन केला? अस्वलाची गोष्ट काय आहे?

परंपरा सांगते की कोलंबानस नावाच्या आयरिश संताबरोबर फिरणारा गॅलस हा शिष्य आजारपणामुळे मागे राहिला आणि ६१२ च्या सुमारास श्टाइनाख नदीकाठच्या रानात झोपडी बांधून राहू लागला. एका रात्री अस्वल आलं. गॅलसने त्याला शेकोटीसाठी लाकूड आणायला सांगितलं, त्याने ते आणलं, आणि बदल्यात त्याला भाकरी मिळाली. शहराच्या बोधचिन्हावर आजही अस्वल आहे.

गॅलसने मठ काढला नव्हता, ती नुसती कुटी होती. ७१९ मध्ये ऑटमार नावाच्या धर्मगुरूने तिथे खरा मठ उभारला आणि ७४७ मध्ये मठाने बेनेडिक्टचे नियम स्वीकारले. ऑटमारने कुष्ठरोग्यांसाठीही घर बांधलं होतं. पुढे जमिनीच्या राजकारणात त्याला कैद झाली आणि ७५९ मध्ये ऱ्हाइन नदीतल्या एका छोट्या बेटावर तो कैदेतच वारला. मला गॅलसपेक्षा ऑटमारबद्दल जास्त आस्था वाटते. नाव गॅलसचं लागलं, पण घडी ऑटमारने बसवली.

तिथे आता मठवासी राहतात का? मठ बंद का पडला?

नाही, राहत नाहीत. इथला मठाधिपती हा नुसता धर्मगुरू नव्हता, आजूबाजूच्या मोठ्या मुलखाचा तो राजाही होता. नेपोलियनच्या काळात स्वित्झर्लंडची जुनी व्यवस्था मोडली, १८०३ मध्ये सेंट गॅलन हा नवा कँटन झाला आणि नव्या सरकारला आपल्याच राजधानीत दुसरा सत्ताधीश नको होता. शेवटचे मठाधिपती पांक्राझ फोर्स्टर आपला राज्याधिकार सोडायला तयार होईनात. अखेर १८०५ मध्ये कँटनच्या विधिमंडळाने मठ विसर्जित केला.

युरोपात त्या काळात असे कित्येक मठ बंद झाले. बहुतेक ठिकाणी पुस्तकं राजधानीत हलवली गेली, लिलावात गेली किंवा रद्दीत. इथे मात्र ग्रंथालय जिथे होतं तिथेच, त्याच कपाटांत राहिलं.

मग आज हे सगळं कोणाच्या ताब्यात आहे?

वेगवेगळ्या लोकांच्या, आणि सगळे ते रोज वापरतात. चर्च आज बिशपचं मुख्य चर्च आहे. १८४७ पासून सेंट गॅलन हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. ग्रंथालय कँटनमधल्या कॅथलिक समाजाच्या अधिकृत संस्थेकडे आहे. मठाधिपतीच्या नव्या वाड्यात कँटनचं सरकार बसतं. परिसरात शाळाही आहे, त्यामुळे मधल्या सुट्टीत गेलात तर वारसास्थळाच्या हिरवळीवर मुलांचा कलकलाट ऐकू येतो. मला ते फार आवडतं.

इमारती आठव्या शतकातल्या आहेत का?

नाहीत, आणि अनेकांचा इथे हिरमोड होतो. आज दिसतं ते चर्च आणि ग्रंथालय अठराव्या शतकातलं, बरोक शैलीचं आहे. जुनं चर्च उतरवून १७५५ नंतर नवं उभारलं गेलं. त्याचे मनोरे ६८ मीटर उंच आहेत. ग्रंथालयाचं दालन १७५८ ते १७६७ मध्ये पेटर थुंब या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली झालं. जुन्या काळाचा अंश जमिनीखाली आहे. ग्रंथालयाखालच्या कमानदार तळघरात आधीच्या चर्चचे कोरीव दगड मांडले आहेत. वरच्या सोनेरी झगमगाटानंतर ते ओबडधोबड खांबशीर्ष बघताना मठाचं खरं वय जाणवतं.

ग्रंथालयात असं काय आहे, की सगळे त्याचंच नाव घेतात?

दारावर ग्रीक अक्षरांत एक पाटी आहे, ‘प्सुखेस इआत्रेइऑन’. सोप्या मराठीत सांगायचं तर ‘मनाचा दवाखाना’.

दाराशीच करड्या नमद्याच्या मोठाल्या सपाता ठेवलेल्या असतात. त्या आपल्या बुटांवरून घालायच्या, कारण आतली जमीन नक्षीदार लाकडाची आहे आणि अडीचशे वर्षांपूर्वीची आहे. माझ्या आईने सवयीने बूट काढूनच ठेवले होते. तिला परत घालायला लावून वर सपाता चढवायला लावल्या, तेव्हा म्हणाली, “देवळात काढायचं आणि इथे वरून आणखी घालायचं, पण भाव तोच.” त्या सपातांत पाय उचलून चालता येत नाही, घसरत घसरत पुढे जावं लागतं. त्यामुळे आत शिरलेला प्रत्येक जण आपोआप हळू होतो.

आणि मग वर बघायचं. दुमजली दालन आहे. वरच्या मजल्याची लाकडी गॅलरी भिंतीबरोबर नागमोडी वळत जाते, आणि खालपासून वरपर्यंत पुस्तकंच पुस्तकं. छतावर पहिल्या चार मोठ्या धर्मपरिषदांची चित्रं आहेत. कपाटांच्या वरच्या कोनाड्यांत छोटी लाकडी बाळं बसवली आहेत, आणि प्रत्येकाच्या हातात एकेका विद्येची किंवा धंद्याची खूण आहे. गाइड दाखवत नाही तोवर ती दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम शोधा.

संग्रहात एकूण सुमारे १,७०,००० पुस्तकं आणि इतर वस्तू आहेत. त्यांत २,१०० च्या आसपास हस्तलिखितं, आणि त्यांतली चारशेच्या घरात इसवी सन १००० च्या आधीची. लॅटिन-जर्मन शब्दकोशाची आठव्या शतकाच्या अखेरची एक प्रत इथे आहे, जिला जर्मन भाषेतलं सर्वांत जुनं पुस्तक म्हणतात.

एवढी जुनी पुस्तकं वाचली कशी?

हाच प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. याचं उत्तर भिंतींच्या भक्कमपणात नाही. दर संकटात कोणीतरी पुस्तकांचा विचार आधी केला, म्हणून ती वाचली.

९२६ मध्ये हंगेरियन टोळ्या चालून आल्या. मठाजवळ विबोराडा नावाची एक साध्वी होती. एका कोठडीत तिने स्वतःला कायमचं बंद करून घेतलं होतं, खिडकीतून तेवढं लोकांशी बोलायची. कथा अशी की, आधी पुस्तकं हलवा, मग बाकीचं, असं तिनेच मठाधिपतीला बजावलं. पुस्तकं कॉन्स्टन्स सरोवरातल्या रायखेनाउ बेटावरच्या मठात पाठवली गेली, माणसं जवळच्या गढीत गेली. विबोराडा मात्र कोठडी सोडायला तयार झाली नाही आणि हल्लेखोरांनी तिला ठार मारलं. १०४७ मध्ये पोपने तिला संतपद दिलं. ग्रंथालयांची रक्षणकर्ती म्हणून तिला आजही मानतात. चित्रांत तिच्या एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात परशू असतो.

त्याच हल्ल्यातला हेरिबाल्ड विसरू नका. हा एक भोळा मठवासी. सगळे पळाले, हा हलेना. का, तर यंदाच्या जोड्यांसाठीचं कातडं भांडारप्रमुखाने अजून दिलेलं नाही, अनवाणी जायचं कसं! हंगेरियनांनी त्याला काही केलं नाही, उलट पोटभर खाऊपिऊ घातलं. अकराव्या शतकात एक्केहार्ट या मठवाशाने ही हकीकत लिहून ठेवली.

मग ९३७ ची आग. तीही बाहेरच्या शत्रूने लावली नाही. शिक्षा होणार म्हणून एका विद्यार्थ्याला माळ्यावर छड्या आणायला पाठवलं. त्याने छड्यांऐवजी चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि छपराला लावून दिलं. मठाचा मोठा भाग जळाला, पण बरीचशी पुस्तकं बाहेर काढता आली.

पोपची सत्ता झुगारणाऱ्या धर्मसुधारणेच्या लाटेत शहर प्रोटेस्टंट झालं आणि १५२९ मध्ये चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या. मठवासी तीन वर्षांत परतले, पण प्रोटेस्टंट शहराच्या मधोमध कॅथलिक मठ अशी विचित्र परिस्थिती झाली. शेवटी दोघांच्या मध्ये भिंत बांधली गेली.

१७१२ चा घाव वेगळा होता. झुरिक आणि बर्नच्या सैन्याने मठ लुटला. बरंच सामान १७१८ च्या तहानंतर परत आलं, पण झुरिकने काही मौल्यवान हस्तलिखितं आणि सोळाव्या शतकातला माणसाहून उंच असा पृथ्वीगोल ठेवून घेतला. हा वाद किती वर्षं चालावा? जवळजवळ तीनशे. २००६ मध्ये केंद्र सरकारच्या मध्यस्थीने तडजोड झाली. मालकी झुरिकची राहिली, काही हस्तलिखितं सेंट गॅलनला बेमुदत वापरायला मिळाली आणि झुरिकने स्वतःच्या खर्चाने पृथ्वीगोलाची हुबेहूब प्रतिकृती करून दिली. २००९ पासून ती इथे आहे. मूळ गोल झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, वाटेवर थांबून तोही बघता येतो.

‘मठाचा नकाशा’ म्हणजे काय? तो एवढा प्रसिद्ध का?

नवव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत रायखेनाउच्या मठात एका आदर्श मठाचा आराखडा काढला गेला आणि सेंट गॅलनच्या गॉझबर्ट या मठाधिपतीला भेट म्हणून पाठवला गेला. चर्मपत्राचे, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्याचे, पाच तुकडे शिवून तयार केलेला हा नकाशा ११२ सेंटिमीटर लांब आणि ७७.५ सेंटिमीटर रुंद आहे. रेघा लाल शाईच्या, आणि त्यांत बारीक अक्षरांत तीनशेहून अधिक टिपा. मध्ययुगाच्या सुरुवातीच्या काळातला एवढा तपशीलवार वास्तुआराखडा युरोपात दुसरा नाही. हा मठ असाच्या असा कधी बांधला गेला नाही.

या नकाशापुढे मी किती वेळ काढला असेल, सांगता येत नाही. चर्चला लागून लेखकांची खोली, त्यात खिडक्यांखाली सात मेजं, आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय. भटारखाना, बिअरच्या भट्ट्या, वैद्याचं घर, रक्त काढण्यासाठी वेगळी इमारत, यात्रेकरू आणि गरिबांसाठी धर्मशाळा, शौचकूप. कोंबड्यांचा एक गोल खुराडा, हंसांचा दुसरा, मध्ये राखणदाराचं घर. स्मशानभूमीतसुद्धा फळझाडं आहेत, सफरचंद, नासपती, तुती, अंजीर, अक्रोड अशी. प्रत्येक झाडाचं नाव लिहिलेलं आहे.

आणि बागा! भाज्यांच्या बागेत अठरा वाफे आहेत, त्यांत कांदा, लसूण, कोथिंबीर आणि शेपू. औषधी बागेचे सोळा वाफे, आणि त्यांत मेथी, जिरं, बडीशेप, पुदिना. बाराशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन अक्षरांत आपला मिसळणाचा डबा वाचायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मेथीला तिथे ‘फेना ग्रेका’ म्हटलं आहे, म्हणजे ग्रीकांचं गवत.

हा नकाशा वाचला त्यालाही कारण आहे. बाराव्या शतकात चर्मपत्राची टंचाई होती, म्हणून कोणा मठवाशाने नकाशाच्या कोऱ्या पाठीवर संत मार्टिनचं चरित्र लिहिलं. मागची जागा पुरेना, तेव्हा त्याने पुढच्या बाजूच्या कोपऱ्यातली एक अख्खी इमारत खरवडून काढली आणि तिथे चरित्र पूर्ण केलं. ती इमारत कायमची गेली. पण चरित्र झाल्यामुळे नकाशा घडी घालून पुस्तक म्हणून कपाटात राहिला. त्या माणसावर रागवावं की त्याचे आभार मानावेत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०१९ पासून मूळ नकाशा एका वेगळ्या दालनात दाखवतात. आधी माहितीपट, मग अंधार, आणि मग काही सेकंदच प्रकाश. शाई उडू नये म्हणून हा कंजूषपणा योग्यच आहे. जर्मनीत मेसकिर्खजवळ २०१३ पासून याच आराखड्यावरून, नवव्या शतकातल्या हत्यारांनी, खरा मठ बांधण्याचं काम चालू आहे.

संगीत शिकणाऱ्यांसाठी काही आहे का?

आहे, आणि ते चुकवू नका. दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातली एक गायनपोथी इथे आहे, जिच्यात शब्दांवर बारीक खुणा आहेत. स्वर कुठे चढतो, कुठे उतरतो, कुठे रेंगाळतो, एवढंच त्या खुणा सांगतात, नेमका स्वर कोणता ते सांगत नाहीत. चाल आधी गुरूकडून गळ्यात उतरलेली असली तरच पोथीचा उपयोग. आपल्याकडे तालमीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ग्रंथालयात इजिप्तची ममी का आहे?

शेपेनेसे नावाच्या, इसवी सनपूर्व सातव्या शतकातल्या, पुरोहिताच्या मुलीचं ते पार्थिव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कँटनच्या एका मोठ्या नेत्याकडे भेट म्हणून आलं आणि ग्रंथालयात ठेवलं गेलं. २०२२ मध्ये तिला मायदेशी पाठवावं का, यावर जाहीर वाद सुरू झाला. माझं मत विचाराल तर ती तिच्या देशात असायला हवी. मठाच्या इतिहासाशी तिचा काही संबंध नाही, आणि ती कोणाची तरी लेक आहे.

भारताशी किंवा महाराष्ट्राशी काही धागा आहे का?

थेट इतिहासाचा नाही, आणि ओढूनताणून जोडू नये. एक धागा मात्र खरा आहे. या मठाच्या दफ्तरखान्यातली आणि ग्रंथालयातली कागदपत्रं २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत आली. त्याच नोंदवहीत पुण्याच्या भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं २००७ पासून आहेत.

जायचं कसं आणि वेळ किती ठेवायचा?

झुरिकहून थेट गाडीने तासाभरात. स्टेशनपासून मठ चालत दहा-पंधरा मिनिटं. चर्चला तिकीट नाही, पण प्रार्थना चालू असेल तर आत फिरू नका. ग्रंथालय, तळघर आणि नकाशाचं दालन यांना तिकीट लागतं. वेळा वर्षभर सारख्या नसतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर बघून घ्या. अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा. एका तासात उरकायचं असेल तर चर्च सोडा, पण ग्रंथालय सोडू नका.

फोटो काढता येतात का?

चर्चमध्ये आणि परिसरात काढा. ग्रंथालयाच्या दालनात काय नियम आहे, ते तिथेच विचारून घ्या.

तिथे जाणं जमणार नसेल तर?

तरीही खूप काही बघता येतं. इथली शेकडो हस्तलिखितं ‘ई-कोडिसेस’ या स्विस संकेतस्थळावर पानन् पान मोफत उघडतात, आणि पान मोठं केलं की कातड्याची छिद्रंसुद्धा दिसतात. सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर क्रमांक ९०४ उघडा. हे नवव्या शतकात आयर्लंडमध्ये लिहिलेलं लॅटिन व्याकरण आहे, आणि लिहिणाऱ्यांनी समासात आपल्या आयरिश भाषेत मनातलं टिपून ठेवलं आहे. ११२ व्या पानाच्या वरच्या कोऱ्या जागेत चार छोट्या ओळी आहेत. आज रात्री वारा बोचरा आहे, समुद्र खवळला आहे, तेव्हा उत्तरेकडच्या लुटारूंची भीती नाही, असं त्या माणसाने लिहिलं आहे. वादळात व्हायकिंगांच्या नौका येऊ शकत नाहीत, म्हणून त्या रात्री त्याला निवांत लिहिता आलं.